ज्याच्या हातून गेलं त्यानं यावं

नळदुर्गच्या त्या गृहस्थांना फोन लावला की पलीकडून ‘हॅलो’ यायच्या आधी प्रश्न यायचा, “पिन काढली का?” कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काय हरवलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. आधी कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपटायची, मग पुढचं बोलायचं. नीट बंद करून मग काढू का, असं कुणी विचारलं की ते कानडीत ओरडायचे, “मुट्टब्याडरी!” म्हणजे हात लावू नका. त्यांचं म्हणणं असं की बंद होताना मशीन काहीबाही लिहीत बसतं, आणि ते नेमकं तुमचं हरवलेलं जिथं आहे तिथंच लिहितं. आमच्या दुकानदारानं तर मशीन देताना दहादा बजावलं होतं की चालू कॉम्प्युटरची पिन कधी काढायची नाही. हा माणूस पहिल्याच वाक्यात तेच करायला लावायचा. आणि तरीही, मी आजवर पाहिलेल्या माणसांत याच्याइतका जपून वागणारा दुसरा कुणी नाही.

त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. दुकान म्हणजे तरी काय, धाकट्या भावाची भुसार मालाची आडत होती, तिच्या मागची खोली. तुरीच्या आणि करडईच्या पोत्यांमधून अंग चोरत आत जायचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशाला चार स्क्रू ड्रायव्हर. पेन एकही नाही. थोरले म्हणून आडत यांनीच सांभाळायची होती, पण लहानपणापासून बंद पडलेल्या वस्तूंचा नाद, म्हणून वडिलांनी गादीवर धाकट्याला बसवलं, असं धाकटाच सांगायचा. त्याच्या बोलण्यात तक्रार नसायची. “आमचा दादा येगळा हाय,” एवढंच म्हणायचा आणि आत चहा पाठवायचा.

मशीन उघडण्याआधी ते खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत. मला वाटलं, खिडकीतून कुठल्या तरी देवळाचा कळस दिसत असेल. मी सुद्धा भक्तिभावानं गजाला हात लावून नमस्कार केला. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “चांगलं केलं. अंगातली वीज उतरली.” हार्ड डिस्क बाहेर काढली की तिला करंट द्यायचा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. तेवढा वेळ खोलीतला पंखा बंद. घाम आला तर पुसायचाही नाही, कारण रुमालाचा आवाज होतो, असं त्यांचं मत. मग डोळे उघडून सांगत, “जित्ती हाय,” नाहीतर “दम लागलाय,” नाहीतर नुसतीच मान हलवत.

पण त्यांची खरी ख्याती होती ती एका नियमासाठी. ज्याच्या हातून पुसलं गेलं त्यानंच यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते मशीन घेत नसत. एकदा एक जण चारचाकीतून सीपीयू घेऊन आला. त्यांनी विचारलं, “कुणी पुसलं?”

“मंडळींनी.”

“मग मंडळींना घेऊन या.”

“अहो, मशीन माझं हाय!”

“मशीन तुमचं हाय. पुसलेलं त्यांचं हाय.”

तो माणूस आरडाओरडा करून गेला. ते पोत्यावर बसून शेंगा फोडत राहिले. ही हकीकत मला त्यांच्या भावानं सांगितली, आणि तेव्हा मी तिथं का बसले होते, ते आता सांगते.

आम्ही तुळजापूरचे पुजारी. दर घराण्याचा पुजारी ठरलेला असतो आणि पुजाऱ्याकडे त्या घराण्याच्या पिढ्यांची नावं लिहिलेली वही असते. दर्शनाला आलेला माणूस आपलं गाव आणि आडनाव सांगतो, पुजारी वही उघडून त्याला त्याचा पणजा, खापरपणजा वाचून दाखवतो. मी वाशीच्या शेतकऱ्याच्या घरातून सून म्हणून आले, तेव्हा मला हे सगळं थोडं नाटकी वाटायचं. मग एकदा साठीचा एक माणूस पणज्याचं नाव ऐकून हुंदके देऊन रडताना पाहिला आणि माझी जीभ आवरली.

साखरेच्या आजारानं सासऱ्यांची नजर जायला लागली. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वहीतली जुनी पानं मोडीतली, ती घरात फक्त त्यांनाच वाचता यायची. म्हणून ठरलं की त्यांनी वाचायचं आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करायचं. चार वर्षं, रोज दुपारी, जेवणं झाल्यावर. दर नावाला मी क्रमांक घालत गेले. शेवटची पानं ते भिंग डोळ्याला चिकटवून, एकेक अक्षर लावत वाचत होते. वाचून संपलं आणि दोनेक महिन्यांत त्यांना उजेड-अंधाराखेरीज काही दिसेनासं झालं.

वही तर हात लावला की तुकडे पडत होते. आमच्यात जीर्ण पोथी रद्दीत घालत नाहीत, पाण्यात सोडतात. अण्णा म्हणाले, वहीचं काम झालं. हळदकुंकू वाहून आम्ही ती बोरी नदीत सोडली. मीच नारळ घेऊन उभी होते. कुणालाही, अगदी बी.कॉम. झालेल्या मलासुद्धा, आधी एक झेरॉक्स काढून ठेवावी हे सुचलं नाही. देवाच्या वस्तूची झेरॉक्स कोण काढतं?

पुढचा पराक्रम सर्वस्वी माझा. मशीन फार हळू चालायला लागलं म्हणून एका दुपारी मी साफसफाईला बसले. डेस्कटॉपवर नावांच्या फाईलचं चित्र होतं आणि डी ड्राइव्हमध्येही तीच फाईल होती. मला वाटलं, दोन प्रती आहेत, एक काढून टाकू. डीमधली फाईल मी शिफ्ट दाबून कायमची पुसली, अंगात आलं होतं ना साफसफाईचं! मग डेस्कटॉपवरच्या चित्रावर क्लिक केलं तर उत्तर आलं की मूळ फाईल सापडत नाही. ते चित्र म्हणजे नुसती फाईलकडे नेणारी वाट होती. पायाखालची जमीन सरकणे, याचा वाक्यात उपयोग मी शाळेत करून दाखवला होता. अर्थ त्या दिवशी कळला.

आमच्या ह्यांनी धीर दिला आणि धीराबरोबर नेटवरून पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअरही उतरवलं. सी ड्राइव्ह भरलेला होता म्हणून ते डीवर टाकलं. त्यानं काही आणलं नाही, म्हणून आणखी एक टाकलं. तेही डीवरच. मग कुणीतरी नळदुर्गचा नंबर दिला. पिन काढून झाल्यावर पलीकडून विचारणा झाली, “ते सॉफ्टवेअर कुठं टाकलं?”

“डीवर.”

“आन् फाईल कुठं हुती?”

“डीवर.”

  ते हळू आवाजात म्हणाले, “विहिरीत अंगठी पडली, आन् हुडकायला तुमी विहिरीतच दोन गाड्या मुरूम टाकला.”

आमचे हे सीपीयू घेऊन नळदुर्गला गेले आणि तसेच परत आले, कान लाल करून. जो पुसतो त्यानं यायचं. म्हणजे मी. घरात अण्णांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. नळदुर्गच्या खंडोबाला जाऊन येते असं त्यांना सांगून मी ह्यांच्याबरोबर निघाले. अण्णा म्हणाले, “माझाबी नमस्कार सांग.” सीपीयू चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि रस्ताभर मी त्या खंडोबाची माफी मागत होते.

“या वैनी,” ते म्हणाले. “पुजारी, तुमी भायेर आडतीत बसा.” ह्यांना बाहेर बसवून त्यांनी माझ्यापुढे एक कोरा कागद टाकला आणि भावाकडून पेन मागवलं. “काय पायजे ते लिवा. जेवढं लिवताल तेवढंच हुडकीन.” मी एकच ओळ लिहिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि कागद मॉनिटरला चिकटवला.

आमची डिस्क त्यांनी त्यांच्या मशीनला जोडली. ते मशीन तर धड झाकणही नसलेलं होतं. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यातलं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडलं आणि ते सुरुवातीपासून बसवायला घेतलं, होय, पुढे, होय, पुढे. मी विचारलं, “काका, रोजचं काम आहे तुमचं. ते बसवलेलंच का ठेवत नाही?” ते म्हणाले, “थांबा. सांगतो.” आणि सांगितलं नाही.

सकाळी नऊला सुरू झालेला शोध दुपारचे चार वाजेपर्यंत चालला. पडद्यावर पुसलेल्या फाईलींची नावं सरकत होती. ते पडद्याकडे बघतच नव्हते. खुर्ची खिडकीकडे वळवून बसले होते. मला म्हणाले, “तुमचं तुमी बघा. तुमची फाईल दिसली की सांगा.” मी बघत होते आणि मधेच एक ओळखीचं नाव निघालं. लग्नानंतरच्या वाईट दिवसांत पुण्याच्या एका कंपनीला मी गुपचूप अर्ज लिहिला होता आणि पाठवला नव्हता. पुसून टाकला होता. तो तिथं होता, नावासकट, तारखेसकट, ठणठणीत. माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. मान न वळवता त्यांनी विचारलं, “कागदावर हाय का ते?”

“नाही.”

“मग आमी बगितलं न्हाय.”

चार वाजता नावांची फाईल दिसली. त्यांनी तेवढ्या एकाच फाईलीवर खूण केली, नव्या पेन ड्राइव्हवर उतरवली आणि उघडली. पहिलं नाव दिसलं आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. नावं सरसर खाली जाऊ लागली, शंभर, दोनशे, चारशे. मग एकाएकी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. बरंच खाली गेल्यावर पुन्हा नावं सुरू झाली. मधली जवळजवळ साठ नावं गेली होती. त्यांच्यावर आमच्या दोन सॉफ्टवेअरपैकी एक बसलं होतं. “ह्येच्यावर आता देवाचाबी इलाज न्हाय,” ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा पडला की माझं दुःख मी क्षणभर विसरले.

मग त्यांनी सॉफ्टवेअर काढायला घेतलं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन काढलं. मशीन बंद करून पुन्हा लावलं. मागे राहिलेले फोल्डर शोधून एकेक काढले, सापडलेल्या फाईलींची यादी जिथं साठते तीही जागा उघडून मला रिकामी दाखवली. “काढायचं का” या प्रश्नाला दर वेळी ‘होय’ मलाच दाबायला लावलं. बसवायला लागली पाच मिनिटं, काढायला लागला पाऊण तास. आणि तेव्हा ते बोलले. “हे हत्यार लई लांबचं बगतंय वैनी. मानसानं पुसलेलं दोन परकारचं असतंय, चुकून पुसलेलं आन् जाणून पुसलेलं. ह्येला फरक कळत न्हाय. हिथं बसवून ठिवलं तर म्याच कवातरी बशीन बगत.” मग म्हणाले, “एकदा बसलो हुतो. त्यो मानूस रोज ह्या रस्त्यानं जातोय. मला अजून त्याला नजर देता येत न्हाय.”

असं स्वतःबद्दल सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी पुजाऱ्याच्या घरात राहते, मोठमोठी माणसं देवीपुढे डोकं टेकताना रोज बघते. पण त्या पोत्यांच्या खोलीत मला मनातून नमस्कार करावासा वाटला, आणि या वेळी गजाला नाही.

ह्यांना आत बोलावून फाईल दाखवली. हे व्यवहारी. म्हणाले, “साठच तर आहेत. अण्णांना काही दिसत नाही. यजमानांनाही कुठं माहीत असतंय? आपण सांगू तेच नाव. भरून टाकू अंदाजानं.”

त्या दिवसात एवढ्या एकाच वेळी ते ओरडले. “पुजारी! रिकामं असंल तर लोक हुडकत येत्यात. खोटं भरलं की हुडकायचंच बंद व्हतंय!” आडतीतले हमाल वळून बघायला लागले. मग पेन ड्राइव्ह खिशात घालून म्हणाले, “अर्धी निघालेली फाईल म्या घरच्या मोठ्या मानसाला सांगून देत असतो. उद्या येतो तुळजापूरला.”

मला रात्रभर झोप आली नाही, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते आले. चप्पल बाहेर काढून अण्णांच्या समोर खाली बसले. प्रस्तावना वगैरे काही नाही. म्हणाले, “अण्णा, तुमची नावाची फाईल गेलती. सुनेच्या हातून पुसली, पोराच्या हातून तिच्यावर माती पडली, आन् माज्या हातून निघाली तेवढी आणलीय. मधली साठ नावं न्हायती.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.  अण्णा माझ्या दिशेनं, थोडं चुकीच्या बाजूला, तोंड करून म्हणाले, “पोरी, खंडोबाला ह्येच्यासाठी गेलतीस व्हय? तू चार वर्सं लिवलंस. वही तर म्याच पाण्यात सोडली न्हवं? सगळ्यात आधी माज्या हातून गेलंय.”

मग त्यांनी त्या गृहस्थांना विचारलं, “कुठून तुटलंय?”

त्यांनी तुटण्याच्या आधीची ओळ वाचली. अण्णांनी डोळे मिटले, ती ओळ स्वतः एकदा म्हटली आणि पुढची म्हटली. मग त्याच्या पुढची. मागचं नाव पायाशी आल्याशिवाय पुढचं सुचत नव्हतं, पण एकदा आलं की पाऊल पडायचं. ते वाचून दाखवत, अण्णा सांगत, मी टाइप करत होते. मधे अडलं की ते मागची पाच नावं पुन्हा वाचत, तेवढ्याच सबुरीनं. हार्ड डिस्क ऐकताना बसायचे तसे पंखा बंद करून बसले होते. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं तरी हात वर गेला नाही. दुपारचं जेवण थंड झालं. दिवस कलला तेव्हा फक्त तीन नावं उरली, परांड्याकडच्या एका घराण्याची, सलग. अण्णा म्हणाले, “ते मोडीतलं पान. कधी पाठ केलंच न्हाय.” आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

ते गृहस्थ उठून माझ्या खुर्चीशी आले. दुसऱ्याच्या फाईलीत एक अक्षर लिहायचं नाही हाही त्यांचा नियम होता, भावानं सांगितलेला. त्यांनी एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत, त्या तीन क्रमांकांपुढे तीनदा लिहिलं, ‘इथं नाव होतं.’ आणि शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.

ते घराणं त्याच वर्षी पौषात आलं, शाकंभरी नवरात्रात. एक म्हातारी आणि तिची नवी नातसून. नातसुनेला मागच्या पिढ्या ऐकवायच्या म्हणून म्हातारी मुद्दाम आली होती. मी फाईल उघडली, तिच्या सासऱ्यापर्यंत वाचलं आणि थांबले. अंदाजानं तीन नावं सांगणं किती सोपं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हणाले, “आजी, याच्या मागची तीन नावं माझ्या हातून गेली. तुम्हाला ठाऊक असतील तर सांगा, लिहून घेते.”

म्हातारी म्हणाली, “आमाला कुठलं ठावं, बाई? त्येच तर तुमाला इचाराया येतो.”

मला मान वर करता येईना. तिनं विचारलं, “पर हुती न्हवं?”

“होती.”

“तीन?”

“तीन.”

तिनं कनवटीची पिशवी सोडली. देवीपुढे ठेवायच्या सुपाऱ्या काढल्या आणि नातसुनेच्या तळहातावर एकेक मोजून ठेवल्या. “ह्यो एक. ह्यो दुसरा. ह्यो तिसरा. नावं आईला ठावं हायती.” मग जरा विचार करून चौथी ठेवली. “ह्या बाईनं मोजताना एखादा राहिला असंल तर त्यो कशाला उपाशी?” नातसुनेनं ओंजळ कपाळाला लावली, आणि इतके महिने कोरडी राहिलेली मी तिथंच, यजमानांसमोर, ढसाढसा रडले.

पुढे एकदा ते तुळजापूरला आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं.  त्यांनी विचारलं, “क्रमांक तुमीच घातलेले न्हवं? हातानं?”

“हो.”

त्यांनी मला फाईल उघडायला लावली, त्या तीन ओळींपाशी नेलं आणि एका बोटानं, शोधत शोधत, तिसरीच्या खाली तीच ओळ चौथ्यांदा लिहिली. तिच्यापुढे क्रमांक घातला नाही.